डिसेंबरात पुण्याला चौघं, आणि पॉइंट कुठल्या कार्डावर?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघं आम्ही आणि ११ व ८ वर्षांची दोन मुलं. एक वर्षाआड डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जातो. चौघांच्या तिकिटांना ६,००० डॉलरच्या आसपास लागतात, यंदा ती ऑगस्टमध्ये काढणार आहोत. आजवर सगळा खर्च बिनफीच्या २ टक्के कॅशबॅकवाल्या एकाच कार्डावर केला. महिन्याचा हिशेब असा: वाणसामान ९०० डॉलर, बाहेरचं खाणं ३५०, गाडीचं गॅस २५०, कॉस्टको ३०० आणि बाकी सगळं मिळून १,०००. आता प्रवासाचं कार्ड घ्यावं म्हणतोय. चेस सफायर प्रिफर्ड, कॅपिटल वन व्हेंचर आणि सिटी स्ट्राटा प्रीमियर, तिन्हींची वर्षाची फी ९५ डॉलर. दीर म्हणतात, अमेक्स गोल्डच घ्या. ह्यांना कुठे कुठलं कार्ड काढायचं ते कधीच लक्षात राहत नाही, तेव्हा शक्यतो एकच हवं. सगळ्यात जास्त पॉइंट कुठे मिळतील?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: तुम्ही महिन्याचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण आकड्यांशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. तुमच्या शेजारणीला चांगलं ठरलेलं कार्ड तुम्हाला तोट्याचं ठरू शकतं. फक्त प्रश्न थोडा बदलून घेऊ. पॉइंट किती मिळतात ते पाहूच, पण ते चौघांच्या डिसेंबरच्या तिकिटांना खरंच लागतील का, हे त्याहून आधी पाहायला हवं.

आधी मोजणी. तिकिटांचे ६,००० दोन वर्षांत विभागले, तर वर्षाला ३,००० धरता येतात. महिन्याचे २,८०० गुणिले १२ म्हणजे ३३,६००. एकूण वर्षाचा खर्च ३६,६०० डॉलर.

व्हेंचरवर कुठेही खर्च केला तरी डॉलरला २ माइल मिळतात. म्हणजे वर्षाला ७३,२००. डोकं लावायचं कामच नाही.

स्ट्राटा प्रीमियरवर सुपरमार्केट, रेस्टॉरंट, गॅस आणि विमान यांना डॉलरला ३ पॉइंट, बाकीला १. तुमचे वाणसामान, खाणं आणि गॅस मिळून १,५०० डॉलर होतात, त्याचे महिन्याला ४,५०० पॉइंट. बाकीच्या हजाराचे १,०००. वर्षाचे झाले ६६,०००. तिकिटांचे ९,००० मिळवले की ७५,०००. यात कॉस्टको धरलेलं नाही. अमेरिकेतल्या कॉस्टकोच्या दुकानात आणि पंपावर क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं, आणि स्ट्राटा हे मास्टरकार्ड आहे. तेवढ्यासाठी जुनं कार्ड व्हिसा असेल तर पाकिटात ठेवावंच लागेल.

सफायर प्रिफर्डवर रेस्टॉरंटला ३, प्रवासाला २ आणि बाकीला १. किराण्याला ३ मिळतात, पण ते ऑनलाइन मागवलेल्या किराण्याला. ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांत पिशव्या घेऊन गेलात तर १ च. म्हणून तुमचे महिन्याचे ३,५०० आणि तिकिटांचे ६,००० धरून वर्षाला ४८,००० होतात. तुमच्या घरचा खर्च वाणसामानाकडे झुकलेला आहे, आणि सफायर हे हॉटेलात जेवणाऱ्यांचं कार्ड आहे.

तेव्हा संख्येचाच प्रश्न असेल तर व्हेंचर आणि स्ट्राटा जवळपास बरोबरीत आणि सफायर मागे.

आता तुमच्या हातातल्या २ टक्क्यांच्या कार्डाकडे बघा. तेच ३६,६०० त्यावर खर्च केले तर वर्षाला ७३२ डॉलर रोख मिळतात, फी शून्य. व्हेंचरचे ७३,२०० माइल प्रवासखर्च पुसायला वापरले, म्हणजे तिकीट कार्डावर काढून ९० दिवसांच्या आत ती रक्कम माइलने भागवली, तर एका माइलची किंमत १ सेंट. म्हणजे तेवढेच ७३२ डॉलर, आणि त्यातून ९५ फी वजा. उरले ६३७. कार्डाच्या जाहिराती हे गणित कधी मांडत नाहीत. फीवालं कार्ड नुसतं खर्च पुसण्यासाठी ठेवलं, तर तुम्ही आज जिथे आहात त्यापेक्षा मागे जाता.

थोडी भरपाई होते. २ टक्के कॅशबॅकच्या बऱ्याच बिनफी कार्डांवर परदेशात ३ टक्के जादा आकार लागतो. तुमच्यावर तो लागतो का ते कार्डाच्या दरपत्रकात पाहा. पुण्यात एका फेरीत १,५०० डॉलर कार्डाने गेले तर ४५ डॉलर, म्हणजे वर्षाआड जाणाऱ्याला वर्षाला साडेबावीस. पत्रातल्या तिन्ही कार्डांवर हा आकार नाही. शिवाय व्हेंचर ग्लोबल एंट्रीची, म्हणजे अमेरिकेत परतताना इमिग्रेशनच्या रांगेतून लवकर सोडणाऱ्या सरकारी योजनेची, फी परत देतं. ती फी ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर आहे, आणि ही सवलत साधारण चार वर्षांतून एकदा घेता येते, म्हणून वर्षाला ३० धरा. भारतीय पासपोर्टवरही ग्लोबल एंट्री मिळते, फक्त आधी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून पोलिस पडताळणी करून घ्यावी लागते. आई किंवा वडील सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालच्या मुलांना फी नाही, मात्र प्रत्येकाचा अर्ज वेगळा भरायचा. हे दोन्ही लाभ खरोखर घेतलेत तर ९५ मधले ४२ ते ४३ डॉलर तेवढे भरून काढायचे राहतात. ते एक तर बोनसमधून निघतील, नाहीतर माइल विमान कंपनीकडे पाठवून, म्हणजे तिच्या पॉइंटांत बदलून त्यावर तिकीट काढून.

बोनसचं सोपं आहे. या गटातल्या कार्डांवर पहिल्या तीन महिन्यांत ४,००० ते ५,००० डॉलर खर्च केले की साधारण ६०,००० ते ७५,००० पॉइंट देतात. आकडा बदलत राहतो, अर्जाच्या दिवशी जो असेल तो खरा. तुमची तिकिटंच ६,००० ची आहेत, तेव्हा बोनससाठी उगाच काही विकत घ्यावं लागणार नाही. ७५,००० धरले तर दोन वर्षांत तुमच्याकडे व्हेंचरचे २,२१,४०० माइल होतात. नुसते पुसले तरी २,२१४ डॉलर. दोन फी वजा जाता २,०२४. जुन्या कार्डावर याच काळात १,४६४ झाले असते. पहिली दोन वर्षं असे ५६० डॉलर वर राहता, ते केवळ बोनसमुळे. तिसऱ्या वर्षापासून बोनस संपतो आणि फी चालू राहते.

विमान कंपनीकडे पॉइंट पाठवण्याचा मार्ग मात्र तुमच्यासाठी अवघड आहे. आकर्षक दर ज्या जागांना असतात त्या प्रत्येक उड्डाणात मोजक्या असतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीतली सगळी भारतीय कुटुंबं एकाच वेळी निघतात, आणि तुम्हाला एकाच विमानात चार जागा हव्यात. कार्डाच्या जाहिरातीतली 'दीड-दोन सेंटला एक पॉइंट' ही किंमत फेब्रुवारीत एकट्याने जाणाऱ्याला मिळते. तुम्ही स्वतःची किंमत काढा: रोख तिकिटातून पॉइंटच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा, आणि जे उरेल त्याला पॉइंटांनी भागा. समजा तिकीट १,५०० डॉलरचं आहे, पॉइंटवर घेतलं तर २०० कर आणि १ लाख पॉइंट. १,३०० भागिले १ लाख म्हणजे १.३ सेंट. घ्या. त्याच जागेला १,६०,००० मागत असतील तर ०.८१ सेंट. तिथे पॉइंट मुळीच देऊ नका, रोखीने काढून खर्च पुसा. व्हेंचरची पूर्ण फी वसूल व्हायला तुम्हाला माइलमागे सरासरी १.१३ सेंट मिळायला हवेत. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कुठे शोधायचं? एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, एअर कॅनडाही त्यातच आहे, त्यामुळे तिची तिकिटं एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन पॉइंटवर काढता येतात. एअरोप्लॅनला चेस आणि कॅपिटल वन दोन्हीकडून पॉइंट जातात, सिटीकडून जात नाहीत. कतार, एतिहाद आणि टर्किशकडे सिटी आणि कॅपिटल वन दोघांचा थेट रस्ता आहे. चेसवाल्यांना कतारसाठी आधी ब्रिटिश एअरवेजकडे पॉइंट पाठवून, तिथे त्यांचे एव्हिओस (दोन्ही कंपन्यांचे सामाईक पॉइंट) झाले की कतारकडे वळवावे लागतात. होतं, पण एक पायरी जास्त. युनायटेड या तिघांत फक्त चेसकडे. एअर फ्रान्स-केएलएमचा फ्लाइंग ब्लू हा पॉइंट कार्यक्रम तिघांकडेही आहे. मुंबईला थेट जाणारं विमान हवं असेल तर माझ्या मते एअरोप्लॅन हाताशी असणं महत्त्वाचं, आणि इथे स्ट्राटा मागे पडतं. काही कंपन्या पॉइंटच्या तिकिटावरही इंधनाचा म्हणून शेकडो डॉलरचा आकार लावतात, ब्रिटिश एअरवेज त्याबद्दल प्रसिद्ध आहे. एअरोप्लॅन तो लावत नाही, भागीदार कंपनीच्या तिकिटाला ३९ कॅनेडियन डॉलर घेतं.

पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून आधी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर चारही जागा दिसल्या पाहिजेत, मगच पाठवायचे. 'दर चांगला चाललाय, पाठवून ठेवू' असं करून कित्येकांचे पॉइंट अडकले आहेत. साठवून ठेवण्यातही शहाणपण नाही. २०२५ मध्ये सिटीने एमिरेट्सला जाणाऱ्या १,००० पॉइंटचे ८०० केले, आणि त्याच वर्षी चेसने एमिरेट्सकडे जाणं बंदच केलं. जून २०२५ पासून नव्या सफायर प्रिफर्ड ग्राहकांना चेसच्या पोर्टलवरची (तिकिटं-हॉटेलं काढायच्या त्यांच्या संकेतस्थळावरची) पॉइंटमागे सव्वा सेंटची ठरलेली किंमतही मिळत नाही. ठरावीक विमानं-हॉटेलांनाच जास्त किंमत, बाकीला १ सेंट. जुने लेख वाचून 'पोर्टलवर सव्वा सेंट नक्की' असं कोणी सांगितलं, तर ती माहिती शिळी आहे.

चार जागा मिळत नसतील तर माणसं वाटा. दोघांची तिकिटं पॉइंटवर, दोघांची रोखीने, विमान तेच. पण वाटणी करताना प्रत्येक आरक्षणात एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवा. विमान रद्द झालं तर कंपनीची यंत्रणा दोन आरक्षणांना वेगवेगळ्या विमानांत टाकू शकते, आणि दोन्ही मुलं एका आरक्षणात नि आई-वडील दुसऱ्यात असले तर रात्री अकरा वाजता काउंटरवर वाद घालत बसावं लागतं. आरक्षण झाल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही क्रमांक एकमेकांना जोडायला सांगा. त्याने जागा शेजारी मिळतीलच असं नाही, पण निदान नोंद राहते. जाताना रोख आणि येताना पॉइंट अशी वाटणी कागदावर छान दिसते, पण एकेरी आंतरराष्ट्रीय तिकीट बहुतेक वेळा जाण्यायेण्याच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. आधी दर बघा. पॉइंटच्या जागा साधारण ११ महिने आधी खुल्या होतात, म्हणजे यंदाची वेळ गेलीच. पुढच्या फेरीसाठी शाळेचं सुट्टीचं वेळापत्रक हाती आलं की शोधायला लागा.

ह्यांच्या लक्षात राहत नाही हे तुम्ही सहज लिहिलंय, पण निवडीत त्याला वजन आहे. स्ट्राटाचे ७५,००० तेव्हाच होतात जेव्हा प्रत्येक वेळी योग्य कार्ड निघतं. शिवाय दुकानावर काय पाटी आहे यावर पॉइंट ठरत नाहीत, बँकेकडे दुकानाची जी वर्गवारी नोंदलेली असते तिच्यावर ठरतात. भारतीय किराणा दुकान बहुतेक सुपरमार्केटमध्येच मोडतं, पण मिठाई-चाटचा काउंटर रेस्टॉरंटमध्ये नोंदलेला असू शकतो. वॉलमार्ट, टार्गेट आणि कॉस्टको सुपरमार्केट धरत नाहीत. शंका असेल तिथे पाच डॉलरची खरेदी करा आणि चार दिवसांनी ॲपमध्ये वर्ग बघा. दर महिन्याला ९०० च्या वाणसामानातले ३०० जरी टार्गेटला गेले तरी स्ट्राटाचे वर्षाला ७,२०० पॉइंट कमी होतात आणि व्हेंचर पुढे निघतं.

म्हणून तुमच्या घरासाठी माझं मत व्हेंचर. कॉस्टकोतही चालतं, एअरोप्लॅन आहे, आणि कोणीही कुठेही स्वाइप केलं तरी हिशेब चुकत नाही.

दोन गोष्टींत सफायर खरंच सरस आहे, तेही सांगायला हवं. विमानाला १२ तास उशीर झाला किंवा रात्र काढावी लागली, तर तिकिटामागे ५०० डॉलरपर्यंत हॉटेल-जेवणाचा खर्च मिळतो. सामान ६ तासांहून उशिरा आलं तर दिवसाला १०० डॉलर, पाच दिवसांपर्यंत. भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर दावा आधी तुमच्या स्वतःच्या विम्यावर जात नाही. युरोप किंवा आखातातून विमान बदलत जाणार असाल तर उशिराच्या विम्याला मोल आहे, आणि व्हेंचरवर तसा तो नाही. मात्र सफायर प्रिफर्डच्या विम्यात परदेशातल्या आजारपणाचा खर्च नाही. आई-वडील इकडे येणार असतील तर त्यांचा वैद्यकीय विमा वेगळाच घ्यावा लागतो, कार्ड कुठलंही असो.

दिरांचं अमेक्स गोल्ड वाईट नाही. सुपरमार्केट आणि रेस्टॉरंटला डॉलरला ४ पॉइंट, तुमच्या खर्चावर फक्त या दोन खात्यांतून वर्षाला ६०,०००. पण फी ३२५. ती भरून निघते महिन्याला १० डॉलर उबर, १० डॉलर ठरावीक रेस्टॉरंट आणि ७ डॉलर डंकिन अशा तुकड्यांत, आणि महिना सरला की तुकडा गेला. ज्यांना हे सांभाळायला मजा येते त्यांच्यासाठी ते आहे. तुमच्या घरात नको.

आता अर्ज. गेल्या दोन वर्षांत तुम्ही कुठल्याही बँकेची मिळून पाच वा जास्त कार्डं उघडली असतील तर चेस सहसा नाकारतं. म्हणून पुढे कधीतरी सफायर घ्यायची इच्छा असेल तर आधी तेच घ्यावं. कॅपिटल वन अर्ज करताच इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे चौकशी टाकतं. येत्या वर्षभरात घराचं कर्ज काढणार असाल तर अर्ज पुढे ढकला. दोघांपैकी एकानेच अर्ज करा. ह्यांना त्याच खात्यावर जादा कार्ड फुकट मिळतं, पण त्याऐवजी वर्षभराने त्यांनी स्वतःचं व्हेंचर घेतलं तर बोनस दुसऱ्यांदा मिळू शकतो, आणि कॅपिटल वनचे माइल एका खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात फुकट हलवता येतात. मात्र त्याची फी वेगळी, हे धरून चला.

जुलैच्या उत्तरार्धात अर्ज करा. बोनसचे तीन महिने मंजुरीच्या दिवसापासून मोजतात, कार्ड हातात पडल्यापासून नाही. फी आणि रोख उचल बोनसच्या खर्चात धरत नाहीत, आणि रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा त्यातून वजा होतो. दुसरी अडचण कार्डाच्या उधारी मर्यादेची. नव्या कार्डावर ५,००० ची मर्यादा आली तर ६,००० चं तिकीट नाकारलं जाईल. तेव्हा दोन-दोन जणांची दोन आरक्षणं करा, पहिलं बिल भरून मर्यादा मोकळी झाली की दुसरं. इथेही एक मोठं, एक मूल. ट्रॅव्हल एजंटकडून काढणार असाल तर तो कार्डासाठी ३ टक्के जादा लावतो का, हे आधी विचारा. ६,००० वर ते १८० डॉलर झाले, म्हणजे व्हेंचरच्या १२,००० माइलने भागणार नाहीत.

बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जाईल असं ऑटोपे लावा, आणि त्यात 'किमान रक्कम' नव्हे, 'पूर्ण बिल' निवडलंय ना ते दोनदा पाहा. या कार्डांचा व्याजदर २० टक्क्यांच्या वर असतो. तिकिटांचे ६,००० दोन महिने थकले तर २०० डॉलर व्याजात जातात आणि वर्षाचा सगळा फायदा धुऊन निघतो.

पुण्यात पैसे देताना यंत्रावर 'डॉलर की रुपये' असं विचारलं तर रुपये म्हणा. डॉलर म्हटलं की दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो. लक्ष्मी रोडवरच्या मोठ्या दुकानात कार्ड चालेल, मंडईत आणि रिक्षात नाही, आणि भारतातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर बाहेरचं कार्ड अडकतं. तेवढ्यापुरते रुपये किंवा भावाचं यूपीआय.

दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी बघा: कुठल्या तिकिटाला १.१३ सेंटहून जास्त किंमत मिळाली का, ग्लोबल एंट्री झाली का, आणि पुढच्या डिसेंबरसाठी जागा दिसतायत का. तिन्हींना नाही उत्तर आलं तर फोन करून बिनफीच्या कार्डात बदलून द्यायला सांगा. बदलून देत नसतील आणि खातं बंदच करायचं असेल, तर आधी उरलेले माइल वापरून टाका किंवा ह्यांच्या खात्यात हलवा. खातं बंद झालं की माइलही जातात.